जिऱ्याएवढी मूठ

माणसांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक वस्तू करणारे आणि दुसरे केलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारे. मी जन्मापासून दुसऱ्या वर्गातला. बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि आज बावीस वर्षं लोकांचे पैसे एका रकान्यातून उचलून दुसऱ्या रकान्यात ठेवण्याचं काम इमानेइतबारे करतो आहे. संध्याकाळी दोन्ही रकाने जुळले की जगात काहीतरी निर्माण झालं, असं मला वाटतं. घरच्यांना तसं वाटत नाही.

शाळेत आम्हाला 'कार्यानुभव' नावाचा विषय होता. त्यात कागदाची फुलं, सुतळीची पिशवी, काड्यापेट्यांचा सोफासेट असल्या, ज्यांच्यावाचून कुणाचंही अडलेलं नाही, अशा वस्तू स्वतःच्या हातांनी कराव्या लागत. सातवीत मी लाकडी पेनस्टँड नेला होता. तो इतका नीट होता की बाईंनी विचारलं, "हा तूच केलास ना रे?" मी जमिनीकडे पाहिलं. बाईंनी दहापैकी नऊ मार्क दिले. घरी आल्यावर आबांनी, म्हणजे वडिलांनी, म्हणजेच पेनस्टँडच्या खऱ्या कर्त्याने विचारलं, "एक मार्क कुठं गेला?" आणि रात्री जेवण झाल्यावर गुण्या घेऊन ते त्या पेनस्टँडचे चारही कोपरे तपासत बसले. कोपरे बरोबर होते. तो एक मार्क आबांच्या मनातून अजून गेलेला नाही.

आबा लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तो संप संपला असं पुढं कुणी जाहीर केल्याचं कुणाला आठवत नाही, पण आबांची नोकरी मात्र संपली. मग चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी एक वाइस बसवला आणि मिक्सर, इस्त्र्या, कुकरचे कान, शिवणयंत्रं, लोकांच्या बंद पडलेल्या ज्या म्हणून वस्तू असतील त्या चालू करून द्यायला सुरुवात केली. माझी बी. कॉम.ची फी त्या वाइसमधून बाहेर पडली. आमच्या घरात देवाच्या फोटोंबरोबर विश्वकर्म्याचाही फोटो होता. चार हातांचा, पांढऱ्या दाढीचा. लहानपणी मला तो देव वाटायचाच नाही. आबांच्या गिरणीतला सिनिअर माणूस वाटायचा.

तर अशा या आबांना २०१९ च्या डिसेंबरात अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. म्हणजे जागेवर होता, पण सांगितलेलं ऐकेना. हळूहळू बोलणं सुधारलं, पाय सुधारला, काठी धरून डोंबिवलीच्या आमच्या ब्लॉकमध्ये ते फिरू लागले. हाताची बोटं मात्र अर्धवट मिटायची आणि तिथंच थांबायची. बारीक वस्तू त्यात ठरत नसे. नेहमीचा चमचा तर निसटलाच. आणि डाव्या हातानं जेवायचं नाही हे त्यांच्या आईनं त्यांना १९५० च्या सुमारास सांगून ठेवलेलं. ते कलम बदलण्याचा अधिकार आता कुणाच्याच हातात नव्हता.

म्हणून त्यांना भरवावं लागे. सकाळी ही भरवी, रात्री मी. आबा मुकाट्यानं तोंड उघडत. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, पण एकदा ही म्हणाली, "तुमच्या लक्षात आलंय का? आबा हल्ली जेवणाला नावं ठेवत नाहीत."

खरंच की! लग्न होऊन आल्यापासून पंधरा वर्षं हिच्या स्वयंपाकाला आबांनी एक दिवस सुट्टी दिली नव्हती. मीठ कमी, तिखट जास्त, भात मोकळा, भात गिच्च. फिटर माणूस, पदार्थातसुद्धा 'टॉलरन्स' बघणार. हिनं त्यावर माझ्याशी किती वेळा कडाक्याचं भांडण केलं असेल! आणि आता तीच डोळ्याला पदर लावून सांगत होती की, हल्ली आबा काही म्हणत नाहीत. मी एकदा मुद्दाम बिनमिठाचं पिठलं भरवून पाहिलं. (मुद्दाम म्हणजे त्या दिवशी स्वयंपाक मी केला होता.) आबा गप्प. दुसऱ्याच्या हातून जेवणारा माणूस तक्रार करत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. आमच्या बँकेतसुद्धा तक्रारपेटीत चिठ्ठी टाकतात ते ठेवीवालेच. कर्जवाले नमस्कार करून जातात.

यानंतर मार्चमध्ये सगळं जगच घरात बसलं. बँकवाले अत्यावश्यक सेवेत, म्हणून मी तेवढा बाहेर. आमचं कन्यारत्न तेव्हा आठवीत होतं. तिच्या शाळेत एक टिंकरिंग लॅब होती. शाळांतून अशा प्रयोगशाळा काढण्याची योजना सरकारनं २०१६ साली आणली, तीतली. शाळा बंद झाल्यावर लॅबला कुलूप लागलं, पण लॅबचे सर कुलूप मानणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी दर रविवारी संध्याकाळी कॉम्प्युटरवर 'आभासी कार्यशाळा' सुरू केली. हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला वाटलं, आमच्या हेड ऑफिसचं ट्रेनिंग असणार. तिथं शिकल्याचा आभास असतो.

पहिल्या रविवारी मी कन्येच्या मागं उभा राहून डोकावलो. पडद्यावर चौकोना-चौकोनात तोंडं. एक मुलगा नागपूरचा, एक मुलगी सांगलीची, मधे सर. ना हातोडा, ना लाकडाचा भुस्सा, ना तेलाचा वास. सगळे मिळून हवेत एक डबा करत होते. टिंकरकॅड म्हणून एक प्रकार आहे, त्यात ठोकळे, नळ्या, गोळे तयार मिळतात. ते माऊसने ओढायचे, एकमेकांत घुसवायचे, नको तिथं भोक पाडायचं, झाली वस्तू. पसंत पडली की तिची फाईल यंत्राला द्यायची, म्हणजे यंत्र ती प्लास्टिकमधून खरीखुरी घडवतं. आबा खुर्चीत बसून हे बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "माल कुठाय?"

"माल नाही आबा, आधी डिझाइन," कन्या म्हणाली.

"आणि हाताला लागलं तर?"

"लागतच नाही."

"मग शिकणार कसे?" आबा म्हणाले आणि डुलकी काढायला मोकळे झाले.

सर मात्र मोठे गोष्टीवेल्हाळ. त्यांनी मुलांना सांगितलं की, असल्या कार्यशाळेचं कौतुक फक्त अमेरिकेचं नव्हे. एमआयटीच्या बाहेर ज्या पहिल्यावहिल्या फॅब लॅब निघाल्या त्यांतली एक आपल्या पुणे जिल्ह्यात पाबळला निघाली, २००२ साली. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम काढला होता, गावातल्या मुलांना हातानं काम करत शिकवायला. लॅब त्याच आश्रमात आली. आणि दुसरी गोष्ट सांगितली ती दक्षिण आफ्रिकेतल्या एका सुताराची. रिचर्ड व्हॅन ॲस त्याचं नाव. २०११ साली लाकूड कापताना त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. तयार बोटांची किंमत ऐकून बिचाऱ्याचे डोळे पांढरे झाले. मग त्यानं इंटरनेटवर आयव्हन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थाला गाठलं. हा नाटका-सिनेमासाठी यांत्रिक हात वगैरे बनवायचा. दोघांच्यामध्ये अख्खा महासागर. पण दोघांनी दोन खंडांत बसून, फायली इकडून तिकडे धाडत, बोटं घडवली, मग एका लहान मुलासाठी अख्खा हात घडवला आणि २०१३ मध्ये त्याचा आराखडा सगळ्या जगाला फुकट वाटून टाकला.

मी मागं वळून पाहिलं. आबांची डुलकी मोडली होती. "सुतार म्हणालास ना?" त्यांनी विचारलं. "मग बरोबर. हापिसातल्या माणसाचं काम नव्हे ते."

आता या कथेत आमच्या ब्रँचमधले मास्तर येतात. मास्तर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी. जन्मापासून दृष्टी नाही. कानात हेडफोन आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली तो लिहायला घेतला आणि तो फुकट मिळतो. तो इतक्या वेगानं बोलतो की मला ते तेल तापल्यासारखं ऐकू येतं. मास्तरांना त्यात व्हाउचर नंबर ऐकू येतात. माझ्या बेरजेतल्या चुका गेली दहा वर्षं हा माणूस न बघता काढतो आहे. सणकी, पुराणांचा भोक्ता, आणि आमच्या बँकेच्या रॅम्पचा एकमेव टीकाकार.

त्या रॅम्पबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. (बँकेचं नाव विचारू नका, मला अजून बरीच वर्षं काढायची आहेत.) आमच्या दाराला तीन पायऱ्या, उंची दीड फूट. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट उतार. म्हणजे अठरा फूट झाले. आमच्याकडे जागा पाच फूट. इन्स्पेक्शन सोमवारी. तेव्हा रविवारी रात्रीतून पाच फुटांत दीड फूट चढणारा रॅम्प उभा राहिला. त्यावरून चाकाची खुर्ची घेऊन आजवर कुणीही वर आलेलं नाही, मात्र खातेदारांची पोरं घसरून पुष्कळ खाली गेलेली आहेत. मास्तर म्हणतात, "रॅम्प चढायला नसतो हो, फाईलला लावायला असतो."

तर मी मास्तरांना कार्यशाळेचं सांगितलं. जाहिरातीत 'सर्वांसाठी खुली' असं लिहिलेलं होतं. मास्तर पुढच्या रविवारी फोनवरून हजर. सरांना आनंद. पण दहा मिनिटांत घोटाळा लक्षात आला. "हा निळा ठोकळा इकडे ओढा," सर सांगत, आणि मास्तरांचा एनव्हीडीए त्या चित्रापाशी आला की मुका होई. निळा कुठला आणि इकडे कुठे? मास्तर शांतपणे म्हणाले, "सर, तुमचा पण रॅम्पच आहे."

सर ओशाळले, आणि ओशाळून गप्प बसले नाहीत, हे विशेष. पुढच्या रविवारी ते ओपनस्कॅड नावाचा दुसरा प्रकार घेऊन आले. यात ओढाओढी नाही. नुसतं लिहायचं. ठोकळा, लांबी इतकी, रुंदी इतकी, उंची इतकी. नळी, त्रिज्या इतकी. याच्यातून ते वजा कर. आज्ञा लिहिल्या की वस्तू उभी. नोटपॅडमध्ये लिहिलं तरी चालतं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी पेपरवेट केला. आणि गंमत अशी की तिथं मलाही जरा समजू लागलं. एका ओळीत एक नोंद, जमा आणि वजा! हे तर आमचंच खातं. बावीस वर्षांत प्रथमच मला वाटलं की निर्मितीच्या देवळात कॉमर्सवाल्यांनाही एक मागचं दार आहे. ते दार मास्तरांसाठी पाडलं होतं, मी त्यातून आत शिरलो.

आबांना मास्तर फार आवडले. रविवारी कार्यशाळा सुटली की फोन चालू ठेवून दोघांच्या गप्पा चालत. मास्तरांनीच त्यांना विश्पलेची गोष्ट सांगितली. ऋग्वेदातली ही बाई. रात्रीच्या लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडाचा पाय बसवून दिला, पुन्हा धावता यावं म्हणून. आबांनी विचारलं, "गुडघ्याला सांधा कसा दिला म्हणे?" ऋग्वेदाने ते दिलेलं नाही, असं मास्तर म्हणाले. आबांना ती मोठीच उणीव वाटली. मग मास्तरांनी ग्रीकांचा हेफेस्टस काढला. देवांचा लोहार, पायानं अधू. तो लंगडत चालला की बाकीचे देव हसायचे. त्यानं काय करावं? होमरच्या 'इलियड'च्या अठराव्या सर्गात आहे. त्यानं वीस तिवया केल्या, त्यांना सोन्याची चाकं लावली. त्या आपल्या आपण देवांच्या सभेला जात आणि आपल्या आपण घरी येत. शिवाय चालताना आधाराला सोन्याच्या दासी घडवल्या, बोलणाऱ्या, समजणाऱ्या.

"पायानं धड असलेल्या एकाही देवाला चाक सुचलं नाही बघा," मास्तर म्हणाले.

"धडधाकट माणूस कशाला डोकं चालवेल?" आबा म्हणाले. मग थोडं थांबून, "त्या आपल्या जयपूरच्या पायाचं तसंच ना. बाहेरून येणारा पाय बुटात घालायचा. आमचा माणूस मांडी घालून जेवणार, अनवाणी शेतात जाणार. ते सायबाला कुठनं कळणार?" हे मात्र बरोबर होतं. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या डॉ. पी. के. सेठींबरोबर रामचंद्र शर्मा या कारागिरानं जो पाय घडवला, तो पंगतीला बसू शकतो. शर्मांना लोक 'मास्टरजी' म्हणत. आबांना मी हे सांगितल्यावर त्यांनी आमच्या मास्तरांचा मान आणखी वाढवला. दोघांचा काही संबंध नाही, हे त्यांना पटेना.

याच गप्पांत एकदा कन्या मधेच म्हणाली, "आबा, आपण तुमच्या चमच्याला मूठ करू या?"

घरात शांतता पसरली. चमचा हा विषय आमच्याकडे कुणी काढत नसे. आबा बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले, जणू त्याची परवानगी विचारत होते. मग म्हणाले, "माप कसं घेशील?"

माप! तिथंच तर सगळं होतं. मिटून अर्धवट थांबलेल्या मुठीच्या आतलं माप पट्टीने कसं घेणार? कन्या कॉम्प्युटरकडे बघू लागली. आबा स्वयंपाकघराकडे बघू लागले. "सूनबाई," ते म्हणाले, "कणकेचा एक गोळा द्या. घट्ट."

त्यांनी तो गोळा डाव्या हातानं उजव्या मुठीत बसवला आणि जेवढी मिटत होती तेवढी मूठ मिटली. हात सुटला तेव्हा कणकेवर चार बोटं आणि अंगठा उमटला होता. पार्वतीनं अंगाच्या मळाचा गणपती केला, असं आपण दर भाद्रपदात ऐकतो. पहिली वस्तू घरात हाताला जे लागेल त्यातूनच होत असावी. मग कपाटावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यातून तेलकट फडक्यात गुंडाळलेला आबांचा व्हर्निअर निघाला. गिरणी गेली, चाळ गेली, पण हा टिकला होता. आबांनी डाव्या हातात तो धरला, कन्येनं गोळा धरला, आणि आबा आकडे सांगत गेले, मी लिहून घेत गेलो. लिहून घेणं हे माझं क्षेत्र. इथं बारीक, इथं जाड, इथं अंगठ्याला खोबण. लांबी साडेचार, जाडी सव्वा. मी रात्री जागून ओपनस्कॅडमध्ये एकेक नोंद लिहिली. दोनदा ताळा केला. एका आकड्याचा फरक नव्हता.

शाळेतलं यंत्र सरांनी पंधरा दिवसांसाठी घरी न्यायला दिलं. त्यासाठी माझ्या तीन ठिकाणी सह्या घेतल्या. आमची बँक यापेक्षा कमी सह्यांवर कर्ज देते आणि मग शोधत फिरते. यंत्र म्हणजे आपला चकलीचा सोऱ्याच. दोऱ्यासारखं प्लास्टिक वरून आत जातं, दोनशे अंशांच्या आसपास वितळतं आणि खालून अगदी बारीक शेव येते. ती यंत्र एकावर एक थरांनी घालत जातं. हे प्लास्टिक मक्यासारख्या पिठूळ धान्यातून करतात, असं कन्येनं सांगितल्यावर हिनं विचारलं, "मग त्याला मुंग्या लागतील का?" कुणालाही उत्तर आलं नाही.

आम्ही चौघं यंत्राभोवती बसलो. कन्येनं बटण दाबलं. यंत्रानं प्रस्तावना म्हणून बरीच घरघर केली, इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या आणि मिनिटभरात थांबलं. काचेवर काहीतरी होतं. हिनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "जिरं आहे."

मूठच होती ती. बोटांच्या खाचा, अंगठ्याची खोबण, सगळं असणार त्यात, पण दिसायला जिऱ्याचा दाणा. मी मास्तरांना फोन लावला. त्यांनी सगळ्या ओळी ऐकून घेतल्या आणि एकच प्रश्न विचारला, "साडेचार काय?"

साडेचार इंच! आबा गिरणीतले, सुतात आणि इंचात मोजणारे. यंत्र मिलिमीटरवालं. आणि त्या फाईलमध्ये एकक लिहायची सोयच नसते, नुसता आकडा जातो. साडेचार इंचांचे साडेचार मिलिमीटर झाले, पंचवीस पूर्णांक चार दशांश पटींनी घट. बावीस वर्षं ज्यानं पैशापैशाचा हिशेब ठेवला त्यानं रुपये लिहायचे तिथं पैसे लिहिले. आबा हसले. झटका आल्यानंतर ते मोठ्यानं हसल्याचं मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. ते जिरं हिनं देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यात जपून ठेवलं आहे.

दुसऱ्या खेपेला आकडे सुधारून यंत्र लावलं. सहा तासांचं काम. रात्री नऊला सुरू झालं. सगळी झोपली, मी पहाऱ्याला. एकच्या सुमारास आवाज मंदावल्यासारखा वाटला. यंत्र नुसतं कण्हत होतं. हँग झालं! अशा वेळी काय करायचं हे बँकेनं माझ्या हाडीमाशी खिळवलेलं आहे. बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. मी प्लग उपटला.

सकाळी कन्या रडवेली. मूठ मध्ये बारीक होते तिथं यंत्र मुद्दाम हळू चालतं, खालचा थर जरा थंड व्हावा म्हणून. हँग वगैरे काही नव्हतं. काचेवर अर्धीच मूठ उभी होती. आबांनी ती हातात घेतली, उलटसुलट फिरवली आणि म्हणाले, "जगन्नाथ झाला रे." पुरीची गोष्ट त्यांना लहानपणापासून पाठ. म्हाताऱ्या सुताराच्या रूपानं विश्वकर्मा येतो, मुदतीच्या आत दार उघडायचं नाही असं इंद्रद्युम्न राजाला बजावतो आणि आत मूर्ती घडवायला बसतो. काही दिवसांनी आतला आवाज थांबतो. राणी गुंडिचा घाबरते, म्हातारा मेला की काय! दार उघडलं जातं. सुतार गायब, आणि मूर्ती अर्धवट, त्यांना हातच नाहीत. "आणि तसाच बसवला त्याला," आबा म्हणाले. "बिनहाताचा. रथ ओढायला लाखभर माणूस लोटतो."

मी त्या दिवशी ब्रँचमध्ये गुंडिचा म्हणून प्रसिद्ध झालो. मास्तरांचं काम, दुसरं काय.

तिसरी मूठ पूर्ण झाली. नवी कोरी, आत स्टीलचा चमचा घट्ट बसवायला खाच असलेली. (सगळा चमचाच प्लास्टिकचा का नको, तर त्या थरांच्या फटींत अन्न अडकून राहतं.) आबांनी धरली. धरली! ती निसटली नाही. चमचा भातात गेला, भात चमच्यात आला, हात वर निघाला, आणि सगळा भात आबांच्या सदऱ्यावर. मूठ पकडत होती, पण मनगट वळत नव्हतं. चमचा तोंडाकडे न बघता छताकडे बघत होता. आबांनी चमचा खाली ठेवला आणि तोंड उघडलं. मी भरवलं.

त्या दिवशी भांड्यांची पाळी माझी. करोनाच्या भीतीनं प्रत्येक वस्तू उकळत्या पाण्यातून काढायची असा माझा त्या काळातला नियम होता, आणि हा नियम मी त्या मुठीलाही लावला. मक्याचं ते प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे कन्येनं सांगितलं होतं. चिमट्यानं वर काढली तेव्हा मूठ मानेत वाकली होती.

"आबा!" मी खरंच रडकुंडीला आलो होतो. "ही पण गेली."

आबा काठीसुद्धा न घेता उठले. मी हे पाहिलं आणि मला चिमटा सोडायचंही सुचेना. "इकडे आण," ते ओरडले. फिटर आपल्या हाताखालच्या पोऱ्यावर ओरडतो तसे. "फडकं घे. फडक्यात गुंडाळ. अरे, तापलंय तोवर वाकवायचं!" कन्येनं फडकं घेतलं, मूठ गुंडाळून त्यांच्या उजव्या हातात दिली आणि त्या हातावर त्यांनी आपला डावा हात दाबला. दाबून धरला. मग चमच्याकडची बाजू त्यांनी अंदाज घेत घेत डावीकडे, आत, स्वतःच्या तोंडाच्या दिशेनं वळवली. "पाणी! गार पाणी सोड!" मी नळ सोडला. आम्ही तिघं मोरीशी वाकून उभे, आणि आबांचे दोन्ही हात नळाखाली. मूठ गार झाली. आबांनी ती डोळ्यांसमोर धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कडा टोचते इथं. कानस आण ट्रंकेतली. बारीक दातांची."

रात्री आमटी-भात होता. आबांकडे कुणीही बघायचं नाही, असं आमचं आधी ठरलं होतं. त्यामुळे आम्ही तिघंही आपापल्या ताटात अशी काही नजर लावून बसलो होतो की जणू तिथं परीक्षेचा पेपर आहे. पहिल्या घासातला निम्मा भात सांडल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या घासाला चमचा दातावर वाजला. तिसऱ्याला काहीच आवाज झाला नाही. चौथ्यालाही नाही.

मग आबांनी घसा खाकरला.

"सूनबाई, आमटीत मीठ कमी आहे."

"बरं," म्हणून ही उठली आणि आत गेली. मिठाची बरणी पंधरा वर्षं एकाच जागी आहे. त्या दिवशी ती सापडायला हिला बराच वेळ लागला.